मिठाचं पाणी

१२ जानेवारी

वहिनी, नमस्कार.

तुम्ही फोन करता आणि मी नुसता "हो, हो" करत राहतो, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलंच असेल. तुम्ही तब्येत विचारलीत तरी हो आणि रागावलात तरी हो. सोळा वर्षं बाटल्यांच्या मशीनशेजारी उभा राहिलो, त्यात डावा कान पुरता गेला आणि उजवा उरल्यासुरल्यावर चाललाय. तेव्हा यापुढे पत्रच बरं. शिवाय तुमचं अक्षर चांगलं आहे, वाचायला बरं वाटतं.

बातमी अशी की मी लसीच्या चाचणीत नाव घातलंय. तुमच्याच, एचआयव्हीच्या. तुमच्या प्रयोगशाळेनं आमच्या गावातल्या दवाखान्यात केंद्र उघडलं हे तुम्हीच सांगितलं होतंत, आणि माणसं मिळत नाहीत म्हणून रडगाणंही लावलं होतंत. म्हटलं, घरचा एक माणूस द्यावा.

एका बाईंनी दार लावून घेतलं आणि तासभर प्रश्न विचारले. कुणाकुणाकडे जाता, किती वेळा, काळजी घेता का. मला ऐकू येईना म्हणून त्यांचा आवाज चढत गेला. बाहेरच्या बाकावर सात-आठ माणसं बसली होती, त्यांना सगळं पहिल्यांदाच ऐकू आलं असणार. शेवटी बाईंनी कागदावर लिहून विचारलं. ज्यांना धोका आहे अशीच माणसं त्यांना हवी असतात म्हणे. मी म्हटलं, मग घ्या मला. घेतलं. आधी रक्त तपासलं, ते स्वच्छ निघालं, मग पहिलं इंजेक्शन दिलं. दंड दोन दिवस ठणकला.

का नाव घातलं ते तुम्हाला सांगायला नको. दादाला शेवटच्या महिन्यात मी उचलून संडासापर्यंत न्यायचो. हाताला वजनच लागायचं नाही. नऊ वर्षं झाली तरी ते हात विसरत नाहीत.

माझा नंबर ४१७. तिकडे नळी आली तर ओळख दाखवा.

तुमचा,
भावजी

२५ जानेवारी

प्रिय भावजी,

पत्र वाचून आधी हसले आणि मग चिडले. बाकावरच्या माणसांचं वाचून हसले. चिडले यासाठी की तुम्ही चक्क थापा मारून चाचणीत शिरलात. तुम्हाला कसला आलाय धोका? कारखाना, खोली आणि रविवारी फोरमनच्या घरी पत्ते, यापलीकडे तुमची मजल गेलेली मला माहीत नाही. तुमच्यासारखी चार साधी माणसं आत शिरली तर आमचा हिशेब चुकतो, कळलं का? पण तुम्ही हे दादांसाठी केलंत. ते वाचून माझे डोळे भरून आले, म्हणून कुणाला काही सांगत नाही.

आता वहिनी म्हणून नाही, नर्स म्हणून सांगते, ते नीट वाचा. अर्ध्या लोकांना लस देतात आणि अर्ध्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय दिलं हे तुम्हालाही कळत नाही, सुई टोचणाऱ्यालाही नाही, आणि आम्हालाही नाही. फक्त नंबर असतात. शेवटी एकदा नंबर उघडतात आणि कुणाचं काय झालं ते बघतात. म्हणून तुम्ही पाणीच मिळालंय असं धरून वागायचं. लस असली तरी ती चालते की नाही हेच तर आम्ही शोधतोय. दंडावर टोचलं म्हणजे चिलखत चढलं असं समजू नका.

हा विषाणू फार लबाड आहे. देवीचा, गोवराचा एकदा चेहरा ओळखला की झालं. हा एकाच माणसाच्या अंगात महिन्याभरात इतके चेहरे बदलतो की शरीर पहिल्याला पकडायला धावतं तोवर पहिला उरलेलाच नसतो. किती लसी माकडांमध्ये छान चालल्या आणि माणसांत आल्यावर आडव्या झाल्या. आमचे मोठे डॉक्टर वीस वर्षं यातच आहेत. केस काळे होते तेव्हा म्हणायचे दहा वर्षांत लस येईल. आता केस पांढरे झाले, तरी ते दहाच वर्षं म्हणतात.

माझं काम तुम्हाला माहीत आहे. सगळीकडून रक्ताच्या नळ्या येतात, त्या नंबरांप्रमाणे लावून मी अतिथंड कपाटात ठेवते. दार उघडलं की पांढरी वाफ येते आणि हातमोज्यातूनही बोटं बधिर होतात. ओळखीच्या माणसाची नळी हाताळायची नाही असा नियम आहे. तेव्हा तुम्ही नंबर कळवून मला अडचणीत आणलंत.

दादांची बायको असून मी कशी सुटले, हे कुणालाच सांगता आलेलं नाही. रोज त्या कपाटासमोर उभी राहते तेव्हा वाटतं, सुटलेय तर काहीतरी उपयोग व्हावा.

आणि चौतिशीला आलात. रविवारच्या पत्त्यांऐवजी एखादी मुलगी बघा.

तुमची,
वहिनी

१८ जुलै

वहिनी,

तिसरं इंजेक्शन जूनच्या सुरुवातीला झालं. त्या वेळचं रक्तही स्वच्छ होतं. आता पुढची फेरी डिसेंबरात.

दुसरी बातमी ऐकायला बसून घ्या. मुलगी बघितली. फोरमनच्या बायकोची मावसबहीण, बालवाडीत शिकवते. तिच्या घरी गेलो तेव्हा मी तिच्या वडिलांच्या तीन प्रश्नांना चुकीची उत्तरं दिली. त्यांनी पगार विचारला, मी वय सांगितलं. ते बघत राहिले. ती उठून आत गेली. मला वाटलं, संपलं. तर ती मुलांची पाटी घेऊन आली, वडिलांचा प्रश्न तिच्यावर लिहिला आणि माझ्यासमोर धरला. मग शेवटपर्यंत तीच लिहीत होती. जाताना लिहिलं, "तुम्हाला ऐकू येत नाही हे चांगलंच आहे, माझ्याकडे दिवसभर पस्तीस मुलं ओरडत असतात." मी रस्त्यानं एकटाच हसत आलो.

लग्न ६ नोव्हेंबरला, रजिस्टर करून. माझ्या बाजूनं साक्षीदाराची सही तुम्ही करायची. आईनंतर तुम्हीच आहात.

तुमचा,
भावजी

१६ ऑक्टोबर

वहिनी,

हे पत्र घरी गेल्यावर, दार लावून वाचा.

नऊ तारखेला कारखान्यात माझ्या मशीनवरच्या जोडीदाराचा हात काचेनं कोपरापर्यंत चिरला. रक्त हवं म्हणून आम्ही सहा जण रक्तपेढीत गेलो आणि दिलं. तो आता बरा आहे. काल रक्तपेढीतून मला एकट्याला बोलावलं. आतल्या खोलीत नेलं आणि कागद पुढे ठेवला. एचआयव्ही पॉझिटिव्ह. मला काही ऐकू आलं नाही, त्यांनी बोट ठेवून दाखवलं.

चाचणीच्या वेळी खिशात ठेवायला एक कार्ड दिलं होतं. त्यावर लिहिलंय की बाहेर कुठे तपासणीत असं आलं तर घाबरू नका, आधी आमच्याकडे या, आम्ही वेगळी तपासणी करू. केंद्रात मी जाऊन आलो, म्हणजे दारापर्यंत. पहारेकऱ्याला विचारलं की वेगळ्या तपासणीला किती दिवस लागतात. त्यानं आत विचारून सांगितलं, तीन आठवडे.

लग्नाला बरोबर तीन आठवडे आहेत.

पुढे ढकलायचं म्हटलं तर कारण काय सांगू? तिच्या वडिलांनी आधीच एक बहिरा पत्करलाय. आणि खरं कारण सांगितलं आणि नंतर ते काहीच नाही असं निघालं, तर? माझी बुद्धी चालत नाही. तुम्हाला यातलं कळतं. लग्न थांबवू की नको, एवढंच लिहा. तुम्ही सांगाल तसं करीन.

भावजी

२० ऑक्टोबर

प्रिय भावजी,

पत्र उभ्यानंच वाचायला घेतलं, आणि पुरतं वाचल्यावर जीव भांड्यात पडला. अहो, हे तुमच्या लसीचं काम आहे.

समजावून सांगते. लसीत अख्खा विषाणू नसतो, त्याच्या कवचाचा तुकडा तेवढा असतो. त्यातून आजार होऊच शकत नाही. पण तो तुकडा बघून शरीर आपले पहारेकरी तयार करतं. साध्या तपासणीत विषाणू दिसत नाही, हे पहारेकरीच दिसतात. रक्तपेढीला वाटतं, पहारा आहे म्हणजे चोर आत आलाच असणार. आमच्या चाचणीत कितीतरी जणांचं असं झालंय. एकाची नोकरी जायची वेळ आली होती, आमच्या डॉक्टरांनी पत्र दिलं तेव्हा कुठे निभावलं. तुम्हाला मिठाचं पाणी नाही, लस मिळाली, असाच याचा अर्थ. खरं तर आनंदाची गोष्ट आहे.

दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर मी नियमाप्रमाणे "केंद्रात जा" एवढंच म्हटलं असतं. पण तुम्हाला मी ओळखते. ज्या माणसाला धोकाच नव्हता, जो दादांसाठी थापा मारून आत शिरला, त्याला हा आजार येणार कुठून? वाऱ्यावरून?

तेव्हा लग्न थांबवायचं नाही. ती वेगळी तपासणी सवडीनं करून घ्या, डिसेंबरच्या फेरीत झाली तरी चालेल. आणि मुलीकडच्यांना यातलं एक अक्षर सांगू नका. लोकांना लस आणि रोग यातला फरक कळत नाही, उगाच बभ्रा होईल आणि तो आयुष्यभर पुसला जाणार नाही. दादांच्या वेळी मी ते भोगलंय.

निर्धास्त राहा. मी पाच तारखेलाच येते.

तुमची,
वहिनी

२५ नोव्हेंबर

प्रिय भावजी,

लग्नाहून आल्यापासून घर सुनं वाटतंय. इतक्या वर्षांनी मी आपल्या घरातल्या कशाला तरी मोकळेपणानं हसले. तुमची बायको मला आवडली. जेवताना तिनं वाढप्याकडून भांडं काढून घेतलं आणि म्हणाली, "जाऊबाई, तुम्ही सकाळपासून उभ्या आहात, आता बसा." मला असं बसवणारं कुणी नव्हतं.

फक्त एक विचारायचं होतं. वेगळ्या तपासणीसाठी रक्त दिलंत का? काळजी नाही, पण काम हातावेगळं झालेलं बरं. तारीख कळवा.

वहिनी

२८ डिसेंबर

वहिनी,

उत्तराला उशीर झाला. भट्टी दुरुस्तीला काढली आहे, सुट्टी नाही. डिसेंबरची फेरी चुकली. जानेवारीच्या मध्यावर नक्की जातो.

घर बदललंय. खिडकीला पडदे आले. ती माझ्या उजव्या बाजूला झोपते, कारण तो कान थोडा चालतो. पहाटे काहीबाही बोलत असते, मला अर्धंच कळतं आणि तेवढं पुरतं.

तुम्हाला एक गोष्ट सांगायची होती, पण ती आता सांगण्यासारखी राहिली नाही. जाऊ दे. तुम्ही निर्धास्त राहा म्हणालात, तसा राहिलो आहे.

भावजी

२ फेब्रुवारी

भावजी,

हे पत्र लिहिणं नियमात बसत नाही. ऑक्टोबरचंही बसत नव्हतं.

आज सकाळी ज्यांची तपासणी पुन्हा करायची त्या नळ्यांची यादी आली. नंबर वाचून नळ्या काढून द्यायचं काम माझं. सहावा नंबर ४१७. मी यादी दुसऱ्या मुलीकडे दिली आणि जिन्यात जाऊन बसले. पुन्हा करायची म्हणजे काय, हे मी लिहिणार नाही. तुम्हाला केंद्रातून बोलावणं येईल, चार-सहा दिवस लागतील. बोलावण्याची वाट बघू नका. उद्याच्या उद्या जा. तिला बरोबर न्या. तोपर्यंत तिच्यापासून दूर राहा. का, ते तुम्हाला कळतं.

ऑक्टोबरात मी जे लिहिलं होतं, त्यातलं काहीही धरून बसू नका.

वहिनी

१५ फेब्रुवारी

वहिनी,

मला आहे. खरा विषाणू आहे, त्यांनी मोजून दाखवला.

तिलाही आहे.

ती अडीच महिन्यांची गरोदर आहे. ते आम्हाला त्याच दिवशी, त्याच टेबलावर कळलं.

आता लपवून काय करू? त्या फॉर्मवर मी एक अक्षरही खोटं लिहिलं नव्हतं. दादा गेल्यावर खोलीवर एकट्यानं बसवेना, तेव्हापासून मी एका ठिकाणी जात होतो. महिन्या-दोन महिन्यांतून. तुम्ही पत्रात लिहिलंत की मी थापा मारल्या, पत्त्यांपलीकडे माझी मजल नाही. तुमच्या मनात माझं ते चित्र होतं आणि मला ते मोडवेना. तुमच्याकडून वाईट म्हणवून घ्यायला मी तयार नव्हतो. लग्न ठरायच्या आधीच्या आठवड्यात शेवटचा गेलो. इंजेक्शनं झाल्यावर माझा धीर वाढला होता, हेही खरं. तुम्ही बजावलं होतंत, तरी वाढला. आधी काळजी घ्यायचो, नंतर नंतर तेवढी नाही.

तुमचं ऑक्टोबरचं पत्र आलं तेव्हा "ज्या माणसाला धोकाच नव्हता" हे वाक्य मी दोनदा वाचलं. तुम्ही चुकीच्या गोष्टीवर भरवसा ठेवताय हे मला तेव्हाच कळलं. मी एक ओळ लिहून पाठवली असती तर तुम्ही लग्न थांबवलं असतंत. मी ती लिहिली नाही. मला तुमचं उत्तर हवं तसं मिळालं होतं.

ती रडली नाही. घरी येऊन तिनं पाटी घेतली, लिहिलं, "तुम्हाला कधीपासून माहीत होतं?" मी सगळं सांगितलं. आता ती पाटी वापरत नाही. बोलते, मला ऐकू येवो न येवो.

भावजी

२१ फेब्रुवारी

भावजी,

तुमचं पत्र चार दिवस पर्समध्ये घेऊन फिरतेय. तुम्ही लपवलंत ते लपवलंत. पण धोका नसलेल्या माणसालाही रक्त तपासल्याशिवाय कुणी "लग्न करा" सांगत नाही, हे मला पंधरा वर्षं पाठ आहे. मी तुमच्यावर माया करते म्हणून मला तपासणी लागली नाही.

मोठ्या डॉक्टरांना काल सगळं सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. नंबरांच्या खोलीतून मला काढलंय. आता खाली सुया आणि हातमोज्यांचे खोके उघडते.

तिच्या गोळ्या एक दिवसही चुकू देऊ नका. नीट घेतल्या तर बाळ वाचण्याची आशा खूप मोठी आहे. हे मी तुमच्या समाधानासाठी लिहीत नाही, डॉक्टरांना विचारून लिहितेय. मी येऊ का? तिला विचारून कळवा.

वहिनी

९ जुलै

भावजी,

तुमच्याकडून उत्तर नाही. मागच्या दोन पत्रांचंही नाही. तरी लिहिते, कारण केंद्रातून तुम्हाला हे कळेलच आणि ते आधी माझ्याकडून कळावं असं वाटतं.

चाचणी थांबवली. परवा नंबर उघडले. अडीच हजार माणसं, चार वर्षांचं काम. लस घेतलेल्यांत जितक्यांना लागण झाली, मिठाचं पाणी घेतलेल्यांतही जवळजवळ तितक्यांनाच. लसीनं अपाय केला नाही आणि उपायही केला नाही. खोलीत पंचवीस माणसं होती. एक तरुण मुलगी सहा वर्षं त्या कवचाच्या तुकड्यावर काम करत होती, ती कागद नीट घडी घालून बाहेर गेली. मोठे डॉक्टर खुर्चीत बसून होते. मग म्हणाले, "एकही नळी फेकायची नाही. का चालली नाही, ते त्याच नळ्यांत असणार." दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला ते नेहमीसारखे हजर होते. मला त्यांचा हेवा वाटला. त्यांची चूक पुढच्याला उपयोगी पडेल. माझी कुणाच्या उपयोगाची?

४१७ला मिठाचं पाणी होतं. तीनही वेळा. ज्याच्या भरवशावर मी तुम्हाला निर्धास्त राहा म्हटलं, ते तुमच्या अंगात कधी गेलंच नव्हतं.

एक गोष्ट मी तुम्हाला कधी सांगितली नव्हती. तुमच्या दादांना आमच्या लग्नाआधी दोन महिने कळलं होतं. शेवटच्या आठवड्यात त्यांनी मला ते सांगितलं. त्यांनी रिपोर्ट कुणालातरी दाखवला होता, कुणी जाणकार, आणि तो म्हणाला होता की असल्या तपासण्या चुकतात, खुशाल लग्न कर. तो कोण होता ते मी विचारलं नाही. पण इतकी वर्षं मी त्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या. चेहरा नसलेल्या माणसाला शिव्या घालणं सोपं असतं. आता त्याला चेहरा आहे आणि तो मला रोज आरशात दिसतो.

तिला माझा निरोप द्या, असं लिहिणार होते. पण काय निरोप देऊ? बाळंतपणाला मी येऊ का, एवढं विचारा. नाही म्हणाली तरी मला कळवा.

वहिनी

१९ सप्टेंबर

जाऊबाई,

हे मी लिहितेय, त्यांना सांगून.

मुलगी झाली. तीन आठवड्यांची आहे. पावणेतीन किलो. रडते तेव्हा तिचे बाबा उठत नाहीत, त्यांना ऐकू येत नाही, म्हणून मी त्यांच्या पायाला दोरी बांधली आहे आणि ओढते. ते लगेच उठतात. तिला औषधाचे थेंब तेच देतात, घड्याळ लावून. आमच्या दोघांच्या गोळ्या सकाळी आठला. माझी अजून एकही चुकलेली नाही.

तुमची सगळी पत्रं मी वाचली. बुटांच्या खोक्यात ठेवली होती, मी मागितली, त्यांनी दिली. २० ऑक्टोबरचं पाच-सहा वेळा वाचलं. तुमचं अक्षर फार सुंदर आहे. त्याचाच मला जास्त राग आला. त्या पत्रात मी कुठे आहे ते शोधत होते. मी नाहीच. "मुलीकडच्यांना" असा एक शब्द आहे, तेवढीच मी. दोन माणसांनी माझ्याबद्दल पत्रानं ठरवलं आणि दोघांपैकी एकालाही मला विचारावंसं वाटलं नाही. लग्न तीन आठवडे पुढे गेलं असतं तर काय झालं असतं? माझे वडील चिडले असते. एवढंच झालं असतं.

तुम्ही दरवेळी येऊ का विचारत होतात आणि मी त्यांना उत्तर लिहू देत नव्हते. माझी आई दोनदा न्यायला आली. मी गेले नाही. त्याला माफी समजू नका. त्यांना मी माफ केलेलं नाही, पण ते रोज समोर असतात, चिडता तरी येतं. तुमच्यावर चिडायचं तर तुम्ही नुसतं अक्षर.

मुलगी सहा आठवड्यांची झाली की तिची तपासणी आहे. टाचेतून रक्ताचे थेंब काढून कागदावर वाळवतात आणि तो कागद तुमच्याच प्रयोगशाळेत पाठवतात, असं नर्सनं सांगितलं. तिथून उत्तर यायला दहा-बारा दिवस लागतात. ते घ्यायला आम्हाला २१ ऑक्टोबरला, सकाळी दहाला बोलावलंय.

तो कागद तुम्ही शोधू नका. कुणाला विचारू नका. आमच्याआधी तुम्हाला काही कळलेलं मला चालणार नाही. आणि काळजी करू नकोस, सगळं ठीक होईल, असलं काही लिहूनही पाठवू नका. मी ते फाडून टाकीन.

त्या खोलीत टेबलासमोर तीन खुर्च्या असतात. एकीवर मी बसणार, मुलीला घेऊन. एकीवर ते. तिसरीवर तुम्ही बसायचं. डॉक्टर जे काय सांगतील ते आम्हाला कळेल त्याच क्षणी तुम्हाला कळलं पाहिजे, आणि मला तेव्हा तुमच्याकडे बघायचंय.

या पत्राला उत्तर देऊ नका. या.